एकाच मालिकेवर इतकी पुस्तकं कशासाठी?

१९६६ च्या फेब्रुवारीत बीबीसीने ओळीने चार शनिवारी ‘डॉक्टर हू’ या मालिकेतली एक गोष्ट दाखवली. तिचं नाव ‘द मॅसॅकर’. काळ १५७२चा, गाव पॅरिस. कॅथलिक आणि ह्युगेनॉट (म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट) या दोन ख्रिस्ती पंथांमधलं वैर टोकाला गेलेलं आणि सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशीची ह्युगेनॉटांची ती कुप्रसिद्ध कत्तल अगदी तोंडावर आलेली. त्या चार भागांपैकी आज एकही उपलब्ध नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडासुद्धा राहिलेला नाही. तरीही २०१६ साली एडिंबरातल्या ऑब्व्हर्स बुक्स या छोट्या प्रकाशनाने या एका गोष्टीवर अख्खं पुस्तक काढलं आणि ते घेणारे वाचकही होते.

जी मालिका बघताच येत नाही तिच्यावरचं पुस्तक कोण आणि कशासाठी वाचत असेल? ब्रिटनमध्ये जुन्या कल्पनारम्य मालिकांवर अशी पुस्तकं वर्षानुवर्षं निघताहेत. इंग्रजीत त्यांना कंपॅनियन म्हणतात, म्हणजे मालिकेच्या सोबतीला ठेवायचं पुस्तक. बाहेरून पाहणाऱ्याला तो चाहत्यांचा हट्ट वाटतो. पण या पुस्तकांचा उगम एका खऱ्याखुऱ्या अडचणीत आहे, आणि ती अडचण समजली की बाकीचं चित्र आपोआप उलगडतं.

ज्यांनी ‘डॉक्टर हू’ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डॉक्टर हा परग्रहावरचा प्रवासी. त्याचं यान बाहेरून जुन्या लंडनमधल्या पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसतं आणि काळात, अवकाशात कुठेही जातं. मालिका २३ नोव्हेंबर १९६३ला सुरू झाली, १९८९ला बंद पडली आणि २००५ला परत आली. जुन्या काळी एक गोष्ट चार, सहा, कधी त्याहून जास्त साप्ताहिक भागांत चालायची. अशा मालिकांना ‘कल्ट’ म्हणतात तेव्हा प्रेक्षक थोडेच होते असं समजू नये. १९७९ साली या मालिकेचा एक भाग १ कोटी ६१ लाख लोकांनी पाहिला होता. मालिका संपल्यावरही तिचा प्रेक्षक तिला सोडत नाही, तिच्याबद्दल बोलत राहतो, शोधत राहतो. कल्ट म्हणायचं ते याला.

आता अडचणीकडे येऊ. साठच्या दशकात बीबीसीचे कार्यक्रम दोन इंच रुंदीच्या व्हिडिओ टेपवर मुद्रित होत. ही टेप महाग होती, पण पुसून पुन्हा वापरता येत असे. दुसरीकडे इक्विटी या कलाकारांच्या संघटनेबरोबरच्या करारांमुळे एखादा कार्यक्रम ठरावीक मुदतीत, ठरावीक वेळाच पुन्हा दाखवता येई. मुदत संपली की त्या टेपचा प्रसारणाला उपयोग उरत नसे. घरी व्हिडिओ पाहण्याची सोय आलेली नव्हती, त्यामुळे जुना भाग कुणी विकत घेईल ही कल्पनाच नव्हती. मग टेप पुसायची आणि पुढच्या कार्यक्रमाला वापरायची, हे रोजचं काम झालं.

परदेशी वाहिन्यांना विकण्यासाठी या भागांच्या १६ मिलिमीटर फिल्मवर प्रती काढल्या जात. त्या बीबीसी एंटरप्रायझेस या वेगळ्या विभागाकडे असत. १९६९च्या अखेरीस बीबीसीची मुख्य वाहिनी रंगीत झाली, कृष्णधवल मालाला गिऱ्हाईक मिळेनासं झालं आणि विक्रीचे हक्क संपलेल्या त्या प्रतीही नष्ट होऊ लागल्या. टेपवाल्यांना वाटे फिल्मच्या प्रती आहेतच. फिल्मवाल्यांना वाटे मूळ टेप कुठेतरी जपलेली असणार. दोघांवर मिळून लक्ष ठेवणारं कुणी नव्हतं. १९७८च्या सुमारास हे थांबलं आणि बीबीसीने जुन्या कार्यक्रमांच्या जतनाकडे नीट लक्ष द्यायला सुरुवात केली. पण तोवर नुकसान होऊन गेलं होतं. १९६३ ते १९६९ या काळातल्या ‘डॉक्टर हू’च्या २५३ कृष्णधवल भागांपैकी नव्वदहून अधिक भाग गेले ते गेलेच. मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते ती म्हणजे यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. प्रत्येक माणूस आपापलं काम नियमाप्रमाणे करत होता.

तरी काही गोष्टी टिकल्या, त्याही सामान्य लोकांमुळे. काही मुलं दूरचित्रवाणी संचापुढे टेपरेकॉर्डर ठेवून दर शनिवारी आवाज मुद्रित करायची. या हौसेमुळे हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे. दृश्यांच्या बाबतीत जॉन क्युरा नावाच्या छायाचित्रकाराचे उपकार आहेत. प्रसारण चालू असताना तो संचाच्या पडद्याचे ठरावीक अंतराने फोटो काढायचा आणि ते दिग्दर्शकांना, नटांना विकायचा. या फोटोंना टेलिस्नॅप म्हणतात. दिग्दर्शकाकडे आपल्या कामाची दुसरी कुठलीच नोंद राहत नसे, म्हणून ते विकत घेत.

इथे एक भारतीय धागा आहे. मालिकेची पहिली गोष्ट दिग्दर्शित करणारे वारिस हुसैन लखनौत जन्मले; लेखिका अतिया हुसैन यांचे ते चिरंजीव. निर्मात्या व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा तिशीही न गाठलेल्या. बीबीसीच्या त्या काळच्या वातावरणात एक तरुण बाई आणि एक भारतीय तरुण मिळून शनिवारची मालिका उभी करताहेत, हे चित्रच वेगळं होतं. हुसैन यांनी १९६४ साली ‘मार्को पोलो’ ही सात भागांची गोष्ट केली आणि तिचे सातही भाग हरवलेले आहेत. चौथा भाग जॉन क्रॉकेट यांनी दिग्दर्शित केला होता, बाकीचे सहा हुसैन यांनी. क्युराचे फोटो मिळाले ते या सहा भागांचे, कारण हुसैन यांनी आपला संच जपून ठेवला होता. चौथ्या भागाचे फोटो नाहीत. कुठल्या दिग्दर्शकाने काय विकत घेतलं आणि काय जपलं, यावर आज त्या गोष्टीचा चेहरामोहरा ठरतो.

पुनःप्रसारण नाही, व्हिडिओ नाही, आणि पुष्कळ भाग तर पुसलेले. अशा वेळी पाहिलेली गोष्ट पुन्हा भेटायची कशी? छापील पुस्तकातून. १९७३ साली टार्गेट या प्रकाशनाने ‘डॉक्टर हू’च्या साठच्या दशकातल्या तीन जुन्या कादंबऱ्या पुन्हा छापल्या आणि १९७४च्या जानेवारीपासून नव्या काढायला सुरुवात केली. एका गोष्टीची एक छोटी कादंबरी, स्वस्त, पोरांच्या खिशाला परवडेल अशी. मालिकेच्या संहिता-विभागात काम केलेले टेरन्स डिक्स यांनी एकट्याने अशी साठहून अधिक पुस्तकं लिहिली. ब्रिटनमधल्या एका पिढीने वाचनाची गोडी याच पुस्तकांतून लावून घेतली, असं त्या पिढीतले अनेक लेखक सांगतात. हीच सोबतीच्या पुस्तकांची पहिली पायरी. काय घडलं ते सांगायचं, एवढंच तिचं काम.

पण सांगणारा प्रामाणिकपणे सांगतोच असं नाही. ‘द मॅसॅकर’ची मूळ संहिता जॉन लुकारोट्टी यांची, ‘मार्को पोलो’ही त्यांचीच. पण संहिता संपादक डोनाल्ड टॉश यांनी ती बऱ्याच प्रमाणात नव्याने लिहिली. पडद्यावर जे दिसलं ते असं: डॉक्टर आणि त्याचा तरुण साथीदार स्टीव्हन पॅरिसमध्ये येतात. डॉक्टर एका औषधविक्याला भेटायला निघून जातो. मग अँबॉइजचा मठाधिपती येतो आणि तो हुबेहूब डॉक्टरसारखा दिसतो. दोन्ही भूमिका विल्यम हार्टनेल यांच्याच. हा डॉक्टर वेषांतर करून आला आहे की खरोखर दुसराच माणूस? स्टीव्हनला कळत नाही आणि प्रेक्षकालाही बराच वेळ कळू दिलेलं नाही. १९८७ साली लुकारोट्टी यांनी कादंबरी लिहिली तेव्हा त्यांनी आपल्या मनातली गोष्ट परत आणली आणि त्यात डॉक्टर स्वतः त्या मठाधिपतीचं सोंग घेतो. भाग तर बघता येत नव्हते, त्यामुळे कादंबरी वाचणाऱ्याची समजूत व्हायची की प्रसारित झालेली गोष्ट अशीच होती.

या गोंधळातून दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांची गरज निर्माण झाली: नेमकं काय प्रसारित झालं, कोणी लिहिलं, कधी चित्रित झालं, हे तपासून सांगणारी. मालिका कशी बनते हे सांगणारं माल्कम हल्क आणि टेरन्स डिक्स यांचं पुस्तक १९७२मध्येच आलं होतं. १९७९ला मालिकेचं स्वतंत्र साप्ताहिक सुरू झालं, पुढे ते मासिक झालं आणि आजही निघतं. त्यात अँड्र्यू पिक्सली यांनी एकेका गोष्टीची निर्मितीकथा दप्तरातली कागदपत्रं चाळून लिहायला घेतली. रेडिंगजवळ कॅव्हर्शमला बीबीसीचा लेखी दप्तरखाना आहे. तिथे करार, अंतर्गत पत्रव्यवहार, खर्चाचे हिशेब आणि प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांचे अहवाल जपलेले आहेत. टेप पुसली गेली पण ती कुणाच्या सांगण्यावरून कधी विकत घेतली याचा कागद शाबूत आहे, असा तो प्रकार. २०१०मध्ये रिचर्ड मोल्सवर्थ यांनी तर टेप पुसण्याच्याच इतिहासावर पुस्तक लिहिलं.

मग तिसरी पायरी, विचार करणाऱ्या पुस्तकांची. १९८३ साली जॉन टुलॉक आणि मॅन्युएल अल्वाराडो या अभ्यासकांनी ‘डॉक्टर हू’चं विद्यापीठीय विश्लेषण प्रसिद्ध केलं. भाषा इतकी जड की चाहते चक्रावले. चार वर्षांनी, १९८७ सालच्या ‘ड्रॅगनफायर’ या गोष्टीत एक पहारेकरी अचानक डॉक्टरशी नाट्यप्रयोगाच्या चिन्हव्यवस्थेबद्दल गहन चर्चा करू लागतो. त्याच्या तोंडचं ते वाक्य याच पुस्तकातून उचललेलं आहे. मालिकेवरचं पुस्तक मालिकेत शिरलं! हा प्रसंग मला फार आवडतो, कारण यातून एक गोष्ट कळते: मालिका लिहिणारी माणसं ही पुस्तकं वाचत होती. पुढे २००५ला मालिका परत आली तेव्हा तिच्या लेखकांमध्ये लहानपणी टार्गेटच्या कादंबऱ्या वाचलेले बरेच जण होते.

आता नव्या पुस्तकांकडे. ऑब्व्हर्सच्या मालेचं नाव ‘द ब्लॅक अर्काइव्ह’. मालिकेतच लंडनच्या टॉवरखाली परग्रहावरच्या वस्तूंचा एक गुप्त साठा आहे, त्यावरून ते घेतलं. एका पुस्तकात एकच गोष्ट, हा तिचा नियम. पहिलं पुस्तक २००५च्या पुनरागमनाच्या भागावर, दुसरं ‘द मॅसॅकर’वर, जेम्स कूरे स्मिथ यांचं. याच प्रकाशनाने ‘सिल्व्हर अर्काइव्ह’ नावाने इतर मालिकांसाठीही माला काढली. पूर्ण मालिकेचा आढावा घेणारं पुस्तक एका गोष्टीला दोन-तीन पानं देऊ शकतं. तेवढ्यात नटांची नावं, कथासार आणि ‘चांगली’ किंवा ‘कंटाळवाणी’ असा शेरा, एवढंच मावतं. अख्खं पुस्तक मिळालं की इतर प्रश्न विचारता येतात. १९६६मध्ये ब्रिटिश कुटुंबाला संध्याकाळच्या चहाच्या वेळी धर्मावरून झालेली कत्तल दाखवायची, तर ती कशी दाखवली? या गोष्टीत प्रत्यक्ष हत्या दिसतच नाही, त्या काळाच्या चित्रांवरून कॅमेरा फिरतो. स्टीव्हनला मदत करणाऱ्या अ‍ॅन नावाच्या मोलकरणीला डॉक्टर मागेच सोडतो आणि इतिहास बदलता येत नाही म्हणतो. हे त्याचं बरोबर होतं का? स्टीव्हन रागावून यानातून उतरतो आणि म्हातारा डॉक्टर एकटाच स्वतःशी बोलत राहतो. मालिकेच्या पहिल्या काही वर्षांत इतकं एकाकी दृश्य दुसरं नसेल. या प्रसंगाचा फक्त आवाज आपल्यापाशी आहे. हार्टनेल यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते संहितेवरून आणि आवाजाच्या चढउतारावरून ताडावं लागतं.

असं ताडण्यात धोका असतो, आणि त्याचे दोन चांगले दाखले आहेत. १९६७ची ‘टूम ऑफ द सायबरमेन’ ही गोष्ट अनेक वर्षं हरवलेली होती. लहानपणी पाहिलेल्यांच्या आठवणींवर तिची कीर्ती उभी होती. १९९२ साली हाँगकाँगहून सगळे भाग परत आले आणि अनेकांना कळलं की गोष्ट चांगली आहे, पण आठवणीएवढी थोर नाही. उलट ‘एनिमी ऑफ द वर्ल्ड’चा सहापैकी फक्त एक भाग शिल्लक होता आणि त्या एका भागावरून सगळ्या गोष्टीला नीरस ठरवलं गेलं होतं. २०१३ साली नायजेरियात सापडलेल्या नऊ भागांमध्ये तिचे उरलेले पाचही भाग निघाले, आणि हार्टनेल यांच्यानंतर डॉक्टर झालेले पॅट्रिक ट्राउटन यांची दुहेरी भूमिका पाहून चाहत्यांनी मत बदललं. म्हणून चांगलं सोबतीचं पुस्तक हे स्पष्ट सांगतं की कुठलं विधान पुराव्यावर आहे आणि कुठलं तर्कावर. हे सांगायचं जे टाळतं ते पुस्तक मी बाजूला ठेवतो.

‘डॉक्टर हू’बाहेरही काही मालिकांना पुस्तकं लागतात, पण कारणं निराळी. पीटर हॅमंड यांची ‘सफायर अँड स्टील’ १९७९ ते १९८२ या काळात आयटीव्ही या खासगी वाहिनीवर आली. सहा गोष्टी, चौतीस भाग, सगळे शाबूत. जोआना लम्ली आणि डेव्हिड मॅक्कॅलम यांनी रंगवलेले सफायर आणि स्टील हे दोघे काळाची वीण उसवते तिथे येऊन ती नीट करतात. ते कोण आहेत, कुठून येतात, कुणी पाठवलं, यातलं काहीही मालिका सांगत नाही. एका गोष्टीत बालगीतं म्हटल्याने भूतकाळ घरात शिरतो, दुसरीत ओसाड रेल्वे स्थानकावर पहिल्या महायुद्धातल्या सैनिकाचं भूत आहे. ही रेल्वे स्थानकाची गोष्ट चालू असतानाच आयटीव्हीवर संप झाला आणि ती मध्येच तुटली. त्याच संपामुळे ‘डॉक्टर हू’ला वर सांगितलेला विक्रमी प्रेक्षक मिळाला, कारण समोरची वाहिनी बंद होती. मालिकेचा शेवट तर असा की दोघेही अवकाशात तरंगणाऱ्या एका कॅफेत अडकतात आणि कथा तिथेच थांबते. इथे पुस्तकाचं काम हरवलेलं शोधण्याचं नाही. जे मुद्दाम न सांगितलेलं आहे त्याचा अर्थ काय लावायचा, आणि न सांगणंच का परिणामकारक ठरलं, हे दाखवण्याचं आहे.

पॅट्रिक मॅकगुहान यांच्या ‘द प्रिझनर’ (१९६७-६८) मालिकेत तिसरीच भानगड आहे. सतरा भाग, वेल्समधल्या पोर्टमेरियन या विलक्षण गावात चित्रित झालेले, आणि नायकाला नावच नाही, फक्त सहा हा क्रमांक. भाग ज्या क्रमाने चित्रित झाले त्या क्रमाने प्रसारित झाले नाहीत. आठव्या क्रमाने दाखवलेल्या भागात नायक आपण इथे नवीन असल्याचं सांगतो! मग खरा क्रम कोणता यावर अनेक दशकं वाद चालू आहे आणि प्रत्येक पुस्तक आपापला क्रम मांडतं. रॉबिन हूडच्या लोककथेवरच्या ‘रॉबिन ऑफ शेरवूड’ (१९८४-८६) मधला नासिर हा सारासेन, म्हणजे मुस्लिम, योद्धा पहिल्या गोष्टीतच मरायचा होता, पण तो सर्वांना इतका आवडला की त्याला ठेवून घेतलं. त्यानंतर १९९१च्या हॉलिवूडपटातही रॉबिनला मुस्लिम साथीदार मिळाला. शेकडो वर्षांच्या लोककथेत एका मालिकेने नवं पात्र घातलं, हे कळतं ते निर्मितीचा इतिहास कुणीतरी नीट लिहून ठेवला म्हणून.

पुस्तक घेताना एक पाहावं, ते अधिकृत आहे की अनधिकृत. अधिकृत पुस्तकाला हक्कदारांची परवानगी असते, त्यात फोटो भरपूर आणि छपाई देखणी असते, पण मालिकेबद्दल कठोर बोलायला जागा कमी. अनधिकृत पुस्तकात सहसा फोटो नसतात, मुखपृष्ठावर मालिकेचं बोधचिन्ह नसतं. ब्रिटनचा कायदा समीक्षेसाठी मर्यादित उद्धरण घेऊ देतो, त्या आधारावर ती उभी असतात. विचारांसाठी मी बहुतेक वेळा अनधिकृतकडे वळतो.

सुरुवात करायची असेल तर ‘सफायर अँड स्टील’ची चौथी गोष्ट घ्यावी. फक्त चार भाग आहेत, सगळे उपलब्ध आहेत, आणि पूर्वीचं काही माहीत असायची गरज नाही. जगातल्या प्रत्येक छायाचित्रात लपलेला एक चेहराहीन माणूस, एवढी एकच कल्पना घेऊन तिने बाहुल्या-भूतांशिवाय भीती निर्माण केली आहे. गोष्ट आधी पाहावी आणि पुस्तक त्यानंतरच उघडावं, कारण ही पुस्तकं वाचकाने पाहिलेलं आहे असं धरूनच लिहिलेली असतात आणि शेवट पहिल्या काही पानांतच सांगून टाकतात.